बाघिनीचं पाणी, बाघचं कापड

बाघ प्रिंटचं कौतुक होतं ते ठशाचं. प्रदर्शनातल्या गाळ्यावर साडी उलगडली की पहिलं वाक्य येतं, "किती सुबक छापलंय!" कारागिराचा फोटो काढायचा तर त्याच्या हातात ठसा हवाच, हेही ठरलेलं. छापणं सुबक असतंच, त्यात वाद नाही. पण हिवाळ्यातला एक अख्खा दिवस बाघमध्ये एकटीनं काढल्यानंतर माझं मत पक्कं झालं आहे. हे कापड ठशानं जेवढं घडतं त्याहून जास्त पाण्यानं, उन्हानं आणि ते पाणी अंगावर घेणाऱ्या माणसांनी घडतं. त्या माणसांचे फोटो फारसे कुठं छापून येत नाहीत.

बाघ हे मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यातलं, कुक्षी तहसिलीतलं गाव. धार शहरापासून नव्वद-शंभर किलोमीटर. धारला पवारांच्या संस्थानामुळे मराठी घरं अजून आहेत आणि पौषातल्या सकाळी पोहे-जलेबी खाल्ल्याशिवाय तिथं कुणी पाहुण्याला घराबाहेर पडू देत नाही. कुक्षीकडे जाणारी बस आधी माळव्याच्या पठारावरून जाते. दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा, काळी ओली माती. टांडा गावाच्या आसपास विंध्याचे डोंगर सुरू होतात, रस्ता वळणं घेत खाली निमाडच्या अंगाला उतरतो आणि सगळा नूरच पालटतो. माती मुरमाड होते, पळस आणि ताड दिसू लागतात, भिल्ल-भिलालांची घरं वस्ती करून न राहता आपापल्या शेतात सुटी सुटी उभी असतात. हे वाळवंट नव्हे, पण हिवाळ्याची तऱ्हा वाळवंटातलीच. सकाळी बोटं वळत नाहीत आणि दुपारी डोक्यावर पदर घ्यावासा वाटतो. याच कोरड्या हवेवर इथलं कापड वाळतं.

अशा ठिकाणी एकटं जावं. सोबत कुणी असलं की "झालं का बघून?" हा प्रश्न अर्ध्या तासात येतो. इथं तर बघायचं असतं तेच मुळी हळू चालणारं. एक कापड कोरं आत येऊन तयार होऊन बाहेर पडायला तीन आठवडे तरी लागतात. पण कारखान्याच्या आवारात एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवरची कापडं असतात, म्हणून एका दिवसात सगळा प्रवास उलटसुलट का होईना, पाहायला मिळतो.

छपाई करणारे हे खत्री. त्यांचे पूर्वज सिंधमधल्या लारकान्याकडचे. तिथून मारवाड, मग मनावर आणि बाघ असा त्यांचा मार्ग ते स्वतः सांगतात. कच्छ आणि बाडमेरकडे अजरख छापणारेही खत्रीच. दोन्हींची मुळं सिंधमध्ये आणि कृतीचा सांगाडाही बराचसा एक. अजरखची जमीन निळी नाहीतर लाल, बाघची पांढरी. एका म्हाताऱ्या चाचांना मी विचारलं, वाळवंटातून आलेली माणसं नेमकी इथंच का थांबली? त्यांनी हाताने नदीची दिशा दाखवली. "बहता पानी," एवढंच म्हणाले.

ही नदी म्हणजे बाघिनी. तिच्या पाण्यातल्या क्षारांमुळे रंगाला चमक येते असं कारागीर सांगतात. नदी या कामात नेमकं काय करते, ते मला काठावर उभं राहिल्यावर समजलं. त्याकडे येतेच, पण आधी कापडाला तिथवर पोचवायला हवं.

गिरणीतून आलेल्या सुती थानाला खळ असते. ती धुऊन काढली की 'खारा' सुरू होतो. हौदात पाणी, त्यात संचोरा म्हणजे कच्चं खारं मीठ, एरंडेल तेल आणि बकरीच्या लेंड्या. कापड त्यात बुडवायचं आणि पायांनी तुडवायचं. रात्रभर तसंच ठेवून दुसऱ्या दिवशी वाळवायचं आणि पुन्हा तेच. हे पुन्हा पुन्हा केलं की सूत मऊ पडतं, रंग प्यायला तयार होतं. वास उग्र असतो. शहरातून आलेली माणसं इथं नाकाला रुमाल लावतात, पण या तेलाशिवाय पुढचा लाल रंग सुताला धरूनच राहणार नाही. अठराव्या शतकात युरोपातले रंगारी पूर्वेकडच्या या लाल रंगाच्या मागे लागले होते. 'टर्की रेड' नावाने त्यांनी शेवटी जी कृती उचलली, तिच्यातही तेल होतं, लेंड्या होत्या आणि तुरटी होती. बाघमध्ये पाच-सहा इयत्ता शिकलेला मुलगा पायाने तेच तुडवत असतो.

त्यानंतर हिरडा. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात महादेव कोळी कुटुंबं गोळा करतात तोच. हिरड्याच्या पाण्यातून काढलेलं थान वाळलं की पिवळट दिसतं. ही पिवळट झाक पुढे जाणार आहे, पण तिच्यातलं तुरट द्रव्य सुतात बसलेलं असतं आणि काळा रंग त्याच्यावरच उभा राहतो.

आता छपाई. लांब मेज, त्यावर जाड कापडाच्या घड्या. कारागिराच्या बाजूला रंगाची लाकडी पेटी, तिच्यात बांबूच्या कामट्यांची जाळी आणि वर लोकरीचं कापड, म्हणजे ठशाला रंग लागेल तो पातळ आणि सारखा. काळ्यासाठी हिराकस, लालसाठी तुरटी, दोन्ही चिंचोक्याच्या खळीत घोटलेलं. ठसे सागवानाचे किंवा शिसवीचे. काही इतके जुने की मूठ हाताच्या घामाने काळी गुळगुळीत झालेली. नवे बहुतेक गुजरातेतल्या पेथापूरहून कोरून येतात. काहींवर नारळाची जाळी, काहींवर ज्वारीचे दाणे, काहींवर चमेली. आधी रेख, म्हणजे बाहेरची रेघ. मग आतला भराव. ठसा टेकवायचा, तळहाताच्या टाचेनं वर एक ठोका द्यायचा, उचलायचा, लगतच्या कडेला टेकवायचा. मोजपट्टी नाही, खुणेची रेघ नाही. कडेचा एक ठिपका आधीच्या ठशाच्या ठिपक्यावर बसला की जोड जुळला. मधूनच कारागीर एक डोळा मिटून पूर्ण ओळ बघतो.

ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की ठशानं इथं रंग उमटतच नाही. ठशानं उमटतो तो रंगाला धरून ठेवणारा क्षार. हिराकस हिरड्याशी भेटून लगेच काळवंडतं, ते डोळ्यांना दिसतं. तुरटीचा ठसा मात्र पिवळट कापडावर जेमतेम ओळखू येतो. लाल फूल जिथं फुलणार आहे, तिथं आज फक्त फिकट डाग आहे. कारागीर न दिसणारं छापत असतो. पुढे काय होणार हे त्याला पक्कं ठाऊक असतं, म्हणूनच त्याचा हात थांबत नाही.

छापलेली थानं आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही जास्त, नुसती पडून राहतात. मी गेले त्या दिवशी नदीवर जाणारी थानं अशीच मुरलेली होती. ती वाहून नेणाऱ्या माणसांच्या मागोमाग मीही गेले.

सकाळचे नऊ वाजले असतील. पाण्यावर अजून वाफ होती. चार माणसं पँटा गुडघ्यांवर दुमडून पात्रात उतरली. त्यांतले दोघे भिलाला, एक खत्र्यांच्या घरातलाच. प्रत्येकाने थानाचं एक टोक धरून कापड प्रवाहात लांबवर सोडलं. पिवळट कापड पाण्यावर पसरलं आणि त्याच्यातून तपकिरी गढूळ धार निघून खाली वाहू लागली. मग ओढून घ्यायचं, दगडावर आपटायचं, पुन्हा सोडायचं. ओलं थान किती जड होतं ते एक टोक हातात घेतल्यावर कळलं. मनगट ओढलं गेलं. इथं या धुण्याला 'बिछलना' म्हणतात आणि ते दोन-दोन तास चालतं. थांबायचं नाही, कापडाची घडी पडू द्यायची नाही.

घडी का नाही? उत्तर काठावर बसून बिडी ओढणाऱ्या वयस्कर धुणाऱ्याने दिलं. "बेन, छापने में चूक हुई तो एक फूल बिगड़ा. धोने में चूक हुई तो पूरा थान गया."

त्याचं म्हणणं असं. सुताने धरून ठेवलं तेवढंच हिराकस आणि तुरटी कापडात राहायला हवी. उरलेलं सगळं सुटून पाण्यात येतं. पाणी साचलेलं असेल, किंवा कापडाला घडी पडली असेल, तर सुटलेला क्षार शेजारच्या कोऱ्या जागेवर जाऊन बसतो. त्या वेळी काहीच दिसत नाही. पण भट्टीत गेल्यावर तिथं तिथं लाल-काळे डाग उमटतात आणि मग ते कशानेही जात नाहीत. म्हणून पाणी वाहतं हवं. सुटलेला क्षार त्याच क्षणी दूर नेणारं हवं. पांढरी जमीन ही बाघची ओळख, आणि ती जमीन छापणाऱ्याच्या नव्हे, या माणसाच्या हातात असते. हे ऐकलं तेव्हा चाचांच्या "बहता पानी" या दोन शब्दांचा पूर्ण अर्थ माझ्या डोक्यात उतरला. सिंधूच्या काठावरून निघालेली माणसं एवढ्या मुलखातून फिरून अशाच प्रवाहाशी येऊन का थांबली, त्याचं कारण इतकं रोकडं होतं.

त्याची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. थंडी वाजत नाही का, असं मी विचारलं नाही. ते दिसतच होतं.

आवारात परतले तेव्हा भट्टी पेटली होती. तांब्याची मोठी कढई, खाली लाकडाचा जाळ. पाण्यात अ‍ॅलिझरीन आणि धावडीची वाळलेली फुलं, म्हणजे आपल्याकडची धायटी. धुतलेली थानं आत सोडली आणि दोन माणसं लांब काठ्यांनी ती सतत वर-खाली करू लागली. जाळ हळूहळू वाढवायचा असतो. एकदम भडका झाला तर रंग कुठं दाट, कुठं विरळ चढतो. पहिला बराच वेळ काहीच घडत नाही. धूर डोळ्यांत जातो, काठ्या फिरत राहतात. मग काठीवर उचललेल्या एका पदरात फिकट डागांच्या जागी गुलाबी दिसतं, पुढच्या खेपेला विटकरी, आणि बघता बघता आठ-दहा दिवसांपूर्वी छापलेली सगळी फुलं लाल होऊन वर येतात. काळी रेघ आणखी काळी होते. हा क्षण बघायला मिळाला नसता तर दिवस अर्धाच राहिला असता.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बाघ प्रिंट विकताना "शंभर टक्के नैसर्गिक रंग" असं सर्रास म्हटलं जातं. लाल रंगासाठी पूर्वी आल या झाडाचं मूळ वापरत, आणि माळवा त्याच्या लागवडीसाठी नावाजलेला होता. 1868 मध्ये जर्मनीत ग्रेबे आणि लीबरमान यांनी मंजिष्ठेच्या जातीतल्या मुळांमधलं रंगद्रव्य, अ‍ॅलिझरीन, प्रयोगशाळेत तयार केलं. वनस्पतीतला रंग कारखान्यात बनवण्याची ती पहिलीच वेळ. त्या स्वस्त भुकटीपुढे आलीची शेती बसली. आज भट्टीत पडते ती बहुधा ही भुकटीच. मला यात कमीपणा वाटत नाही. हिरडा, तुरटी, चिंचोका, धावडी, एरंडेल हे सगळं तेच आहे, कृती तीच आहे, कष्ट तेच आहेत. जे आहे ते तसं सांगून विकावं, एवढंच.

भट्टीतून निघालेल्या कापडाची जमीन गुलाबी-मळकट असते. ती पांढरी करणं म्हणजे 'तपाई'. थानं नदीकाठच्या खडकांवर, वाळूवर पसरायची, वाळू लागली की पाणी शिंपडायचं, पुन्हा वाळू द्यायची, पुन्हा शिंपडायचं. जिथं क्षार नाही तिथला रंग सुताला घट्ट धरलेला नसतो. ऊन आणि पाणी मिळून तो उडवतात. हिवाळ्याचं ऊन यासाठी चांगलं. पावसाळ्यात नदी गढूळ असते, कापड वाळत नाही, म्हणून काम जवळजवळ थांबतं. उन्हाळ्यात ऊन असतं पण पात्र आटतं. दिवाळी ते होळी हे खरे कामाचे महिने.

तपाईला वेळ लागणार होता, म्हणून दुपारी मी रिक्षा करून लेण्यांकडे जाऊन आले. त्याच बाघिनीच्या काठी, गावापासून सात-आठ किलोमीटरवर, वालुकाश्माच्या कड्यात ही बौद्ध लेणी आहेत. मूळची नऊ, त्यांतली पाच धड. चौथ्या लेण्याला रंगमहाल म्हणतात. तिथली भित्तिचित्रं अजिंठ्याच्या तोलाची. आज तिथं रंग शोधावा लागतो. ओलीने चित्रं खराब होत गेली आणि 1982 मध्ये उरलेली काढून ग्वाल्हेरच्या संग्रहालयात नेली. स्वातंत्र्यापूर्वी बाघ ग्वाल्हेर संस्थानात होतं. या लेण्यांवरचं मोठं पुस्तक 1927 मध्ये लंडनहून निघालं, त्याच्या लेखकांत जॉन मार्शल यांच्याबरोबर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे एम. बी. गर्दे हे मराठी नाव आहे. इथं सापडलेल्या सुबंधू राजाच्या ताम्रपटात विहाराच्या डागडुजीसाठी गावाचं दान दिल्याची नोंद आहे. दीड हजार वर्षांपूर्वी एका राजाला कळलं होतं की विहार टिकवायचा तर त्याची निगा राखणाऱ्यांच्या पोटाचीही सोय लागते. गुंफेच्या थंड अंधारात उभी असताना सकाळची पांढरी पडलेली बोटं मला आठवत होती.

परत आले तर खडकांवरची थानं उजळली होती. मळकटपणा गेला होता, जमीन दुधाळ दिसत होती.

हे कापड एके काळी शहरासाठी नव्हतंच. आसपासच्या भिल्ल-भिलाला बायकांचे लुगडी-घागरे इथं छापले जात. कोणती नक्षी कोणत्या समाजाची, हेही ठरलेलं असे. मग हाटात पॉलिएस्टर आलं, स्वस्त, झटपट वाळणारं, चटक रंगांचं, आणि जुनं गिऱ्हाईक गेलं. मी दुपारी गावातून चालत आले तेव्हा दिसलेल्या बायकांपैकी एकीच्याही अंगावर बाघचं कापड नव्हतं. 1960 च्या सुमारास बहुतेक छपाईवाले रासायनिक रंगांकडे वळले. जुनी कृती धरून राहिलेल्या थोड्यांमध्ये इस्माईल सुलेमानजी खत्री हे नाव आवर्जून घेतलं जातं. साडी, चादर, रेशीम अशा नव्या कापडांवर जुने ठसे नेऊन त्यांच्या पिढीने शहरातलं गिऱ्हाईक मिळवलं. त्यामुळे ही कला आज आहे. 2008 मध्ये बाघ प्रिंटला भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण मानांकन नावाचं रक्षण करतं, नदीचं नाही. बाघिनीचं पाणी कमी होत चाललं आहे, हे तिथं प्रत्येक जण सांगतो. नदी आटली की सिमेंटच्या टाक्या आणि बोअरचं पाणी. टाकीतलं पाणी पुन्हा पुन्हा बदलावं लागतं, खर्च वाढतो, आणि प्रवाह आपोआप जे करतो ते माणसांना करावं लागतं. पाणी बदललं की काय होतं याचा दाखला कच्छमध्ये आहे. 2001 च्या भूकंपानंतर धमडका गावच्या पाण्यात लोह वाढलं, अजरखचे रंग बिघडू लागले. शेवटी बऱ्याच छपाईवाल्यांनी गाव सोडून भूजजवळ अजरखपूर नावाचं नवं गाव वसवलं. एका पाण्यासाठी अख्खी वस्ती उठली. बाघच्या खत्र्यांवर पुन्हा एकदा पाणी शोधत निघायची वेळ येऊ नये.

दुसरं संकट नकलेचं. यंत्रावर स्क्रीननं छापलेलं लाल-काळं कापड "बाघ" म्हणून निम्म्याहून कमी किमतीत विकलं जातं. ते तासांत तयार होतं. त्यात खारा नाही, बिछलना नाही, तपाई नाही. म्हणजे पाण्यात उतरलेल्या माणसाची मजुरी त्यात नाही, म्हणूनच ते स्वस्त आहे.

बाघची साडी किंवा ओढणी घ्यायला जाल तेव्हा ती उलटी करून बघा. खरा रंग सुतात मुरलेला असतो, मागेही दिसतो. ठशांचे जोड शोधा, कुठं तरी केसभर सरकलेला एखादा सापडेल. मळखाऊ ऑफव्हाइट आणि उन्हात तापून आलेला पांढरा यांतला फरक दोन कापडं शेजारी धरली की डोळ्यांना कळतो. आणि विकणाऱ्याला एक प्रश्न आवर्जून विचारा : हे कुणी धुतलं, कुठल्या पाण्यात धुतलं आणि धुणाऱ्याला किती मिळतात? ज्याला उत्तर देता येईल त्याच्याकडूनच घ्या, आणि तिथं भावात घासाघीस करू नका.